सीटखालची वायर

पत्राचा सारांश: पिंपरी-चिंचवड परिसरातील एक वाचक भगिनी घरून जेवणाचे डबे देतात. चौदा महिन्यांपूर्वी त्यांनी पतसंस्थेचे कर्ज काढून ५८ हजार रुपयांची विजेवर चालणारी दुचाकी घेतली. ‘लायसन्स नको, पासिंग नको, इन्शुरन्स नको, घरातले कोणीही चालवा’ असे दुकानदाराने सांगितले होते. पुलाच्या चढावर गाडी दमते म्हणून महिन्याभराने त्याच दुकानात ७०० रुपये देऊन त्यांनी तिचा वेग वाढवून घेतला. मेकॅनिकने सीटखालची एक वायर कापली, टोकांना काळी टेप गुंडाळली आणि गाडी ताशी ४५ किलोमीटरने पळू लागली. रात्री बॅटरी काढून ओट्याखाली, सिलिंडरच्या बाजूला चार्जिंगला लावली की सकाळी गाडी तयार असे. संध्याकाळचे १८ डबे, म्हणजे सुमारे ११ किलोमीटरचा फेरा, बारावीत शिकणारा १७ वर्षांचा मुलगा करत असे. गेल्या महिन्यात नाकाबंदीत पोलिसांनी त्याला थांबवले आणि गाडी जप्त केली. रात्री साडेनऊला आई-वडिलांना चौकीवर बोलावले आणि प्रकरण न्यायालयात जाईल असे सांगितले. आता दुकानदार म्हणतो, ‘आरटीओची तपासणी व्हायच्या आत माझा पोरगा जाऊन वायर जोडून येईल, तेवढे मी जमवतो.’ दीर म्हणतात, ‘मुलाने न विचारता चावी घेतली असे लिहून द्या, म्हणजे तुम्ही दोघे सुटाल.’ यजमानांचे म्हणणे असे की गाडी सुटली की गावाकडे विकून टाकू, तिकडे कोणी विचारत नाही. मुलगा त्या दिवसापासून डब्यांना हात लावत नाही. पत्राच्या शेवटी त्या विचारतात, ‘मोठमोठ्या गाड्या सुसाट जातात त्यांना कोणी अडवत नाही, मग दोन पैसे कष्टाने कमावणाऱ्या आमच्यासारख्यांनाच गुन्हेगार का ठरवतात? आणि या तिघांपैकी मी कोणाचे ऐकू?’

ताई,

तुमच्या पत्रात चौकीची, दंडाची आणि हप्त्याची काळजी दोन पानांवर पसरली आहे आणि त्या कापलेल्या वायरीला मात्र एकच ओळ मिळाली आहे. मी त्या ओळीपासून सुरुवात करते, कारण दुकानदार, दीर, यजमान आणि पोलीस या सगळ्यांचे म्हणणे शेवटी तिथेच येऊन टेकते.

दुकानदाराने पहिल्या दिवशी जे सांगितले ते, गाडीचे मॉडेल मान्यताप्राप्त असेल तर, खोटे नव्हते. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मध्ये विजेवरच्या लहान गाड्यांसाठी एक सवलत आहे. मोटरची तीस मिनिटांची शक्ती, म्हणजे सलग अर्धा तास ती देऊ शकेल एवढी शक्ती, २५० वॅटपेक्षा कमी असेल, कमाल वेग ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी असेल, बॅटरी सोडून गाडीचे वजन ६० किलोच्या आत असेल, ब्रेक आणि पुढचे-मागचे परावर्तक ठीक असतील आणि या सगळ्याची खातरजमा सरकारने नेमलेल्या चाचणी संस्थेने केलेली असेल, तर कायदा त्या गाडीला मोटार वाहन मानतच नाही. ती सायकलच्या पंगतीत बसते, आणि म्हणूनच तिला नोंदणी, विमा किंवा चालकाचा परवाना लागत नाही. पण सवलत अटींवर मिळालेली असते. ज्या दुपारी ती वायर कापली गेली त्या दुपारी तुमची गाडी सायकलच्या पंगतीतून उठून मोटारसायकलींच्या पंगतीत जाऊन बसली, आणि तिला नंबर नव्हता, विमा नव्हता, तिच्यावर बसणाऱ्या मुलाकडे परवाना नव्हता. गाडी दिसायला तीच, रंग तोच, चावीही तीच. त्यामुळे घरातल्या कोणालाही काही बदलल्याचे जाणवले नाही.

कलमांची यादी पटकन उरकते. नोंदणीशिवाय गाडी चालवल्यास पहिल्या वेळी ५,००० रुपयांपर्यंत दंड आहे, परवान्याशिवाय चालवल्यास ५,००० आणि विम्याशिवाय चालवल्यास २,००० रुपये दंड आहे किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. मालकाने गाडीत नियमबाह्य बदल केला तर प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैदेची तरतूद आहे. हे आकडे जड आहेत, पण पेलण्यासारखे आहेत. तुमच्या प्रकरणाला खरे वजन आले आहे ते २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात घातलेल्या कलम १९९अ मुळे. अल्पवयीन मुलाने मोटार वाहन चालवताना गुन्हा केला तर पालक किंवा गाडीचा मालक दोषी धरला जातो. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार रुपये दंड. गाडीची नोंदणी असेल तर ती बारा महिन्यांसाठी रद्द होते आणि त्या मुलाला वयाच्या पंचविसाव्या वर्षापर्यंत शिकाऊ किंवा पक्का परवाना मिळत नाही. या कलमाचे प्रकरण जागेवर पावती फाडून मिटत नाही, म्हणून तुम्हाला न्यायालयाचे नाव ऐकावे लागले. मे २०२४ मध्ये कल्याणीनगरला अल्पवयीन मुलाच्या हातातल्या मोटारीने दोन जणांचा जीव घेतला, तेव्हापासून पुणे परिसरात मुलांच्या हातातल्या गाड्यांकडे पाहण्याची सगळ्यांचीच नजर बदलली आहे, आणि ते एका अर्थी बरेच झाले.

वीस हजारांच्या आत संपेल असे वाटणारे प्रकरण एकदम तुरुंगाच्या भाषेत गेले की पोटात गोळा येतो, हे मी समजू शकते. कलमात लिहिलेली ती कमाल शिक्षा आहे. पहिल्यांदाच घडलेल्या, कोणाला इजा न झालेल्या प्रकरणात न्यायालय सगळी परिस्थिती पाहते. घाबरून चुकीचे पाऊल उचलू नये एवढ्यासाठीच मी हे आधी सांगून टाकले.

आता ‘आम्हाला माहीतच नव्हते’ या वाक्याकडे येऊ. ते अर्धे खरे आहे आणि त्या अर्ध्या भागावर तुमचा बचाव उभा राहू शकतो. २५ आणि २५० हे आकडे सामान्य ग्राहकाला तोंडपाठ असावेत अशी अपेक्षा कोणी करणार नाही. पण ७०० रुपये देताना तुम्ही, किंवा यजमानांनी, मेकॅनिकला विचारले असेलच की ‘काही प्रॉब्लेम तर नाही ना?’, आणि त्यानेही ‘सगळेच करून घेतात ताई’ असे म्हटले असेल. मी पैज लावून सांगते, कारण हा संवाद अशा दुकानांतून रोज घडतो. जो प्रश्न त्या वेळी मनात आला तो माहिती नसल्याचा पुरावा नसतो. ती शंका असते आणि आपण ती सोयीने गिळतो. मी तुम्हाला दोष देण्यासाठी हे लिहीत नाही. वकिलाशी किंवा न्यायालयात बोलताना ‘आम्ही अगदीच अजाण होतो’ असे चित्र रंगवले आणि नंतर त्या ७०० रुपयांची यूपीआय नोंद समोर आली, तर खऱ्या भागावरचाही विश्वास जाईल, म्हणून सांगते.

तुम्हाला मिळालेले तीन सल्ले आता पाहू. दुकानदाराचा सल्ला सगळ्यांत सोपा दिसतो आणि सगळ्यांत वाईट आहे. पोलिसांच्या ताब्यातल्या गाडीत गुपचूप हात घालून वायर जोडणे म्हणजे पुराव्यात ढवळाढवळ करणे. आज तुमच्यावर मोटार वाहन कायद्याचे प्रकरण आहे, उद्या फौजदारी स्वरूपाचे दुसरे उभे राहील, आणि त्यात नाव दुकानदाराचे नसून गाडीच्या मालकाचे असेल. तो हे औदार्य का दाखवतो आहे, याचाही विचार करा. नियमबाह्य बदल करून देणाऱ्या किंवा तशी गाडी विकणाऱ्या विक्रेत्यासाठी कायद्यात एक वर्षापर्यंत कैद किंवा प्रत्येक गाडीमागे एक लाख रुपयांपर्यंत दंड आहे. वायर जोडली गेली तर सर्वांत आधी त्याची सुटका होते.

दिरांच्या सल्ल्यामागे थोडे कायद्याचे ज्ञान आहे. कलम १९९अ मध्येच असे म्हटले आहे की मुलाने आपल्या नकळत गाडी नेली किंवा ती नेऊ नये म्हणून आपण योग्य ती काळजी घेतली होती, हे पालकाने सिद्ध केले तर त्याची सुटका होते. म्हणून त्यांनी ती चावीची गोष्ट रचली. पण सिद्ध करण्याची जबाबदारी तुमच्यावर आहे, आणि तुमच्या मुलाला रोज संध्याकाळी साडेसात ते साडेआठ अठरा दारांनी पाहिले आहे. खोट्या जबाबाचे कायदेशीर परिणाम बाजूला ठेवले तरी मला दुसरी गोष्ट जास्त खटकते. तो मुलगा घरासाठी राबत होता. अभ्यासाच्या वेळातून तास काढून डबे पोहोचवत होता. त्याच मुलाबद्दल आई-वडील सरकारी कागदावर लिहून देणार की याने चोरून चावी घेतली. तो मान हलवेल, सहीसुद्धा करेल. सतराव्या वर्षी मुले घरासाठी असले खोटे सहज अंगावर घेतात, आणि मग ते त्यांच्या अंगावरून उतरत नाही.

यजमानांच्या म्हणण्याला मी एकच प्रश्न विचारेन. गावाकडे ती गाडी कोण घेईल? ज्याच्या घरी शाळेत जाणारा मुलगा आहे आणि ज्याला परवान्याच्या भानगडीत पडायचे नाही असाच कोणीतरी. तुमच्या घरी आलेले संकट तुम्ही स्वस्तात त्याच्या अंगणात नेऊन ठेवाल. जशी आहे तशी ती विकू नका.

म्हणून माझा सल्ला असा की तिघांचेही ऐकू नका आणि आधी एक गोष्ट शोधून काढा: वायर कापण्यापूर्वी तुमची गाडी कायदेशीर होती का? सगळे पुढचे मार्ग या उत्तरावर अवलंबून आहेत. दुकानदाराकडे त्या मॉडेलच्या मान्यता-प्रमाणपत्राची प्रत लेखी मागा. व्हॉट्सॲपवर मागितली तरी चालेल, नोंद राहिली म्हणजे झाले. प्रमाणपत्रावर चाचणी संस्थेचे नाव, मॉडेलचे नाव आणि मोटरची शक्ती असते. अशा संस्थांपैकी एआरएआय तर पुण्यातच आहे. ज्या टेकडीला आपण सकाळी फिरायला जातो आणि सर्रास ‘एआरएआय टेकडी’ म्हणतो, तिला हे नाव त्या संस्थेवरूनच पडले, पण तिथे फिरणाऱ्या किती जणांना ती संस्था काय करते हे ठाऊक असेल कोण जाणे. प्रमाणपत्रावरचे मॉडेल आणि तुमच्या बिलावरचे मॉडेल अक्षर न अक्षर जुळते का, ते पाहा.

जुळत असेल, तर गाडी मूळची कायदेशीर होती आणि नंतर बिघडवली गेली. न्यायालयाच्या किंवा आरटीओच्या परवानगीने ती सोडवून घेतल्यावर, उघडपणे आणि कागदोपत्री, ती पुन्हा मूळ स्थितीत आणता येईल. कामाच्या पावतीवर तसे लिहून घ्या. पण प्रमाणपत्र नसेलच, किंवा ते दुसऱ्याच मॉडेलचे असेल, तर वायर जोडूनही उपयोग नाही. ती गाडी दुकानातून बाहेर पडली तेव्हाच बेकायदा होती. तिची आता नोंदणीही होणार नाही, कारण नोंदणीच्या वेळी विक्रीचे प्रमाणपत्र आणि गाडी नियमांनुसार असल्याचे उत्पादकाचे प्रमाणपत्र, म्हणजे नमुना २१ आणि २२, लागतात आणि असा विक्रेता ते देऊ शकत नाही. अशा गाडीवर आणखी एक रुपयाही घालू नका. तिचा प्रश्न पैसे परत मिळवण्याचा आहे.

वकिलाची फी कुठून आणायची, असे तुम्ही विचारले आहे. विधी सेवा प्राधिकरण कायद्यानुसार प्रत्येक स्त्रीला आणि प्रत्येक अल्पवयीन मुलाला मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे, आणि त्याला उत्पन्नाची अट नाही. जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे कार्यालय असते. १५१०० या क्रमांकावरही माहिती मिळते. गाडी कोणाच्या नावावर आहे, ७०० रुपये कोणी दिले, चौकीत कोणत्या कागदावर सही केली, हे सगळे त्या वकिलाला जसेच्या तसे सांगा. वायर कापल्याची कबुली तुमच्याविरुद्ध जाऊ शकते आणि तीच दुकानदाराविरुद्धचा पुरावाही आहे. ती केव्हा आणि कशी मांडायची हे ठरवणे वकिलाचे काम आहे. मुलाच्या बाबतीत त्यांना बाल न्याय कायद्याबद्दल जरूर विचारा. त्या कायद्यात मुलाचे नाव जाहीर करण्यास मनाई आहे आणि अशा प्रकरणाचा ठपका पुढे त्याच्या शिक्षण-नोकरीच्या आड येऊ नये अशीही तरतूद आहे. हे त्याला वकिलाच्या तोंडून ऐकू द्या. आईने सांगितलेले दिलासा वाटते, वकिलाने सांगितलेले खरे वाटते.

‘आमच्यासारख्यांनाच का’ या तुमच्या प्रश्नात तथ्य आहे. रस्त्यावर स्वार थांबवायला एक मिनिट लागते, दुकान तपासायला अधिकारी, पंचनामा आणि चिकाटी लागते. त्यामुळे कारवाईचा भार नेहमी हँडल धरणाऱ्यावर पडतो आणि वायर कापणारा संध्याकाळी शटर ओढून निवांत घरी जातो. पण कायदा दुकानदाराला सोडत नाही. विजेवरच्या दुचाकींना आगी लागण्याच्या घटनांनंतर मे २०२२ मध्ये राज्याच्या परिवहन आयुक्त कार्यालयाने बेकायदा बदल केलेल्या गाड्यांविरुद्ध मोहीम घ्यायला सांगितले, तेव्हा त्यात चालकांबरोबर उत्पादक आणि विक्रेतेही होते. मोहीम दुकानापर्यंत पोहोचण्यात एक मोठी अडचण अशी की ग्राहक तक्रारच करत नाही. तो दंड भरतो, शिव्या देतो आणि गप्प बसतो, कारण तक्रार केली तर आपलेही ७०० रुपये उघड होतील ही भीती असते. तुमचे ७०० तर आता उघड झालेलेच आहेत. तेव्हा वकिलाला विचारून आरटीओकडे त्या दुकानाची लेखी तक्रार करा.

त्याचबरोबर जिल्हा ग्राहक आयोगाचा मार्ग आहे. स्वतःच्या उदरनिर्वाहासाठी स्वयंरोजगार करणारी व्यक्तीही ग्राहक संरक्षण कायद्यात ग्राहक ठरते, त्यामुळे ‘गाडी धंद्याला वापरली’ हा दुकानदाराचा आक्षेप तुमच्यापुढे टिकणे कठीण आहे. पाच लाखांपर्यंतच्या वस्तूच्या तक्रारीला फी नाही आणि मुदत दोन वर्षांची आहे. तुमचे चौदा महिने गेले आहेत, दहा उरले आहेत. सुरुवातीला १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवून पाहा. कधी कधी तेवढ्यावर दुकानदार ताळ्यावर येतो. गाडी मूळचीच अमान्य असेल तर तुमची बाजू भक्कम आहे. ती नंतर बिघडवलेली असेल तर तुमच्या संमतीचा मुद्दा निघेल आणि पूर्ण भरपाईची आशा धरू नये. पतसंस्थेचा हप्ता मात्र गाडी चौकीत आहे म्हणून थांबणार नाही. व्यवस्थापकांना जप्तीच्या कागदाची प्रत दाखवून हप्ते लांबवून देण्याचा लेखी अर्ज आजच्या आठवड्यात द्या; थकल्यावर गेलात तर तोच अर्ज गयावया ठरतो.

आणि तरीही, ताई, पोलिसांनी थांबवले ते चुकले असे मला म्हणवत नाही. विजेची गाडी आवाज करत नाही. रस्ता ओलांडणारी म्हातारी माणसे अजूनही कानांनी अंदाज घेतात, आणि ४५ च्या वेगाने मागून येणारी मुकी गाडी त्यांना अंगावर आल्यावरच कळते. अशा अपघातात गाडीला विमा असला की जखमीला विमा कंपनीकडून भरपाई मिळते. तुमच्या गाडीला विमा नव्हता आणि त्या अवस्थेत तो निघणेही शक्य नव्हते. मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाने ठरवलेली रक्कम, मग ती काही लाखांत असली तरी, तुमच्या डब्यांच्या पैशांतून वसूल झाली असती. आणि पडणारा तुमचाच मुलगा असता तर त्याच्या हाडांचा खर्चही तुमच्याच माथी होता.

‘२५ च्या वेगाने धंदा होत नाही’ हे वाक्य तुम्ही पत्रात दोनदा लिहिले आहे. ते मला तपासून पाहावेसे वाटले, म्हणून मी कागद घेतला. तुमचा फेरा ११ किलोमीटरचा. ताशी २५ ने तो साधारण साडेसव्वीस मिनिटांत होतो. ताशी ४५ ने, एकही सिग्नल, खड्डा किंवा गतिरोधक लागला नाही तर, सुमारे पंधरा मिनिटांत. दोहोंतला फरक बारा मिनिटांच्या आतला आहे, आणि सिग्नल-गतिरोधक धरले तर तो सात-आठवरच येतो. याउलट अठरा दारांवर थांबून, जिना चढून, कालचा रिकामा डबा मागून घेण्यात प्रत्येकी दोन मिनिटे धरली तरी छत्तीस मिनिटे जातात, आणि त्यांना वायरीचा काही उपयोग नाही. भाजी बारा मिनिटे आधी फोडणीला टाकली असती तर तेवढाच वेळ वाचला असता. वेळ कमी करायचाच असेल तर एका सोसायटीतले डबे पहारेकऱ्याच्या खोलीत एकत्र ठेवण्याची परवानगी मागा. पुलापलीकडे एक-दोनच डबे जात असतील तर ते परवडतात का, याचाही हिशेब घाला. चढावर दमणाऱ्या गाडीला उपाय वेगाचा नसतो. वजन कमी करावे लागते किंवा नोंदणीची दणकट गाडी घ्यावी लागते.

तोवर जवळचे डबे सायकलवर आणि लांबचे यजमानांनी किंवा परवाना असलेल्या एखाद्या मुलाने पोहोचवावेत. तुम्ही स्वतः परवाना काढावा असे मी आग्रहाने सांगेन. शिकाऊ परवान्याची परीक्षा आता आधार कार्डाच्या आधारे घरबसल्या देता येते, आणि तीस दिवसांनी पक्क्या परवान्याची चाचणी देता येते. धंदा तुमचा आहे. तो दुसऱ्याच्या चाकांवर का ठेवायचा? मुलाला वाहन द्यायचेच असेल तर पायडल मारल्यावरच जोर देणारी आणि २५ च्या वेगावर मोटर आपोआप बंद होणारी मान्यताप्राप्त विद्युत सायकल कायद्यात बसते. पण प्रमाणपत्र पाहिल्याशिवाय तीही घेऊ नका.

थोडे विषयांतर होईल, तरी एक गोष्ट लिहिल्याशिवाय राहवत नाही. गाडी परत आली किंवा दुसरी घेतली, तर बॅटरी ओट्याखाली सिलिंडरशेजारी रात्रभर चार्जिंगला लावणे कृपा करून बंद करा. वाढवलेल्या वेगाने मोटर जास्त करंट ओढते आणि बॅटरी तापते. घरी आल्या आल्या तशीच गरम बॅटरी चार्जरला जोडली की धोका वाढतो. २०२२ मध्ये वसईत घरात चार्जिंगला लावलेल्या बॅटरीच्या स्फोटात भाजून सात वर्षांच्या मुलाचा मृत्यू झाला. बॅटरी निवू द्या, कंपनीचाच चार्जर वापरा आणि जागे असताना, मोकळ्या जागी, फरशीवर चार्ज करा. तुमच्या सगळ्या पत्रात मला दंडाच्या आकड्याहून अधिक धास्ती या एका वाक्याची वाटली.

ज्या वाचकांच्या घरी अशीच ‘बिनपासिंगची’ गाडी आहे आणि जी अजून नाकाबंदीत सापडलेली नाही, त्यांनीही स्पीडोमीटरचा काटा २५ च्या पुढे जातो का ते मोकळ्या रस्त्यावर एकदा पाहावे. जात असेल तर मुलाच्या हातातली चावी आजच काढून घ्यावी. ही गाडी क्लासला जायला मुलांना सर्रास दिली जाते, आणि पालकांना वाटते की दुकानदाराचा शब्द म्हणजे कायदा.

तुमच्या मुलाबद्दल शेवटी लिहिते. तो डब्यांना हात लावत नाही याचा अर्थ तुम्ही ‘त्याला लाज वाटते’ असा लावला आहे. कदाचित वाटत असेल. पण रात्री साडेनऊला चौकीच्या बाकावर आई-वडिलांना आपल्यामुळे उभे राहिलेले पाहणाऱ्या मुलाला बहुधा असे वाटते की हे सगळे आपण केले. गाडी त्याने घेतली नव्हती, वायर त्याने कापली नव्हती, फेरा त्याने मागून घेतला नव्हता. हे त्याला तुमच्या दोघांच्या तोंडून, दुकानदाराचे आणि दिरांचे नाव मध्ये न आणता, एकदा स्पष्ट ऐकू द्या. विधी सेवा कार्यालयात जाताना त्याला बरोबर न्या, पण परीक्षा जवळ असेल तर तारखांना न्यायालयात त्याची गरज आहे का हे आधी वकिलाला विचारा. डब्यांचे काम त्याला बारावी होईपर्यंत पुन्हा सांगू नका. तो आपणहून रिकामे डबे घासायला उभा राहिला तर मात्र अडवू नका.

आणि गाडीचे बिल आजच शोधा. ते दुकानातल्या छोट्या यंत्रातून निघालेल्या गुळगुळीत कागदावरचे असेल तर त्याची शाई उडते. चौदा महिन्यांत मॉडेलचे नाव अर्धे पुसले गेले असेल. उजेडात धरून त्याचा फोटो काढा, ७०० रुपयांच्या यूपीआय नोंदीचाही काढा, आणि दुकानदाराचे व्हॉट्सॲपवरचे जुने निरोप तो पुसून टाकायच्या आत जपून ठेवा.